डोंगराचे पाणी बघत सायकलीवरून

ज्या घरातले कोणीच मुंबईला नाही, असे घर आपल्याकडच्या गावांत क्वचितच सापडेल. कुणाचा चुलता गिरणीत होता, कुणाची लेक घाटकोपरला दिली आहे, कुणाचा पुतण्या अंधेरीला नोकरीला आहे. लग्नकार्याला, दवाखान्याच्या कामाला, कधी नुसते भेटायला म्हणून आपले मुंबईला जाणे होते. दोन दिवस राहिलो की घरची मंडळी राणीची बाग दाखवतात, गेटवे दाखवतात, चौपाटीवर भेळ खायला घालतात. परत आल्यावर गावात कुणी विचारले, मुंबई कशी आहे, तर आपण सांगतो, गर्दी फार.

पण याच मुंबईच्या उत्तरेला, पश्चिमेकडे बोरिवली-गोरेगाव आणि पूर्वेकडे मुलुंड-भांडुप यांच्या मधोमध, एक मोठे जंगल आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्याचे नाव. आधी त्याला कृष्णगिरी उपवन म्हणत, पुढे बोरिवलीचे उद्यान म्हणू लागले. जुनी माणसे अजून ‘नॅशनल पार्क’ एवढेच म्हणतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान आहे. आपल्या हिशेबात सांगायचे तर पंचवीस हजार एकरांहून जास्त. दोन्ही बाजूंनी आगगाड्या धावतात, लाखो माणसे राहतात, आणि मध्ये साग, पळस, करंज, कांचन उभे आहेत, सांबर-चितळ चरत आहेत, रात्री बिबटे फिरत आहेत.

या डोंगरातून चार नद्या निघतात. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी. पहिल्या तिघी पश्चिमेच्या खाड्यांना मिळतात. मिठी दक्षिणेकडे वळून माहीमच्या खाडीत जाते. मुंबईला नद्या आहेत हे तिथे जन्म काढलेल्या पुष्कळांना माहीत नसते. ते त्यांना नाले समजतात. त्या नाल्यांचा उगम कुठे आहे आणि नदीचा नाला कुठे होतो, हे डोळ्यांनी बघायचे असेल तर त्याला सायकलीसारखे वाहन नाही. मोटारीतून ते दिसत नाही, आणि पायी एवढे अंतर एका दिवसात होत नाही.

सायकल आपल्याला नवी नाही. दुधाच्या किटल्या, वैरणीचा भारा, कॅरिअरवर पोर, असा आपला तिचा संबंध. शहरातली मंडळी मात्र आता सायकल हौसेने आणि तब्येतीसाठी चालवतात. सुटीच्या दिवशी पहाटे टोपी-हातमोजे घालून निघतात. यात हसण्यासारखे काही नाही. मुंबईला सायकलीची जुनी परंपरा आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर निघाले आणि जगाला फेरी घालून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. आपल्याला काही जगाला फेरी घालायची नाही. डोंगराभोवतीच्या तीन वाटा बघायच्या आहेत, आणि बघताना लक्ष पाण्यावर ठेवायचे आहे.

पहिली वाट : बोरिवलीहून कान्हेरी

बोरिवली स्टेशनावर पूर्वेला उतरले की दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर, हमरस्त्याच्या पलीकडे, उद्यानाचे मोठे दार आहे. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. तिकीट काढून आत गेले की सायकली भाड्याने मिळतात. घेण्यापूर्वी दर विचारून घ्यावा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही ब्रेक दाबून बघावेत. चाकातली हवा अंगठ्याने तपासावी. जाताना चढ आहे, म्हणजे येताना उतार आहे, आणि उतारावर ब्रेकच कामाला येतो.

दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. सुरुवातीला बाग, खेळणी, सफारीच्या गाड्या, शाळेच्या सहली. गांधी टेकडी मागे पडली की गलका हळूहळू कमी होतो. रस्त्याची आणि दहिसर नदीची मग गाठभेट होत राहते. पाऊसकाळ संपून महिना-दोन महिने झालेले असले, तर तिचे पाणी खडकांवरून नितळ वाहताना दिसते. काठाला करंज आणि उंबर आहेत. पाण्यात बोटाएवढे मासे आहेत. ही नदी तुळशी तलावाच्या बाजूने खाली येते आणि साधारण बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते.

पुढे चढ लागतो. गिअरची सायकल असेल तर बसून चढता येते. साधी असेल तर शेवटचा टप्पा उतरून, हाताने ढकलत जावे. त्यात कमीपणा नाही, उलट जंगल नीट बघता येते. उतारांवर कारवीची झुडपे दाट दिसतील. आपल्यापैकी कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वाचकांना कारवी सांगायला नको. कुडाच्या भिंती तिच्याच. ती सर्वसाधारणपणे आठ वर्षांनी एकदा फुलते. या उद्यानात ती २०१६ साली फुलली, तेव्हा शहरातले लोक मुद्दाम जांभळे डोंगर बघायला आले होते.

कान्हेरीला सायकल खाली लावून पायऱ्या चढायच्या. एकाच काळ्या डोंगरात शंभरावर लेणी कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे इथे बौद्ध भिक्षूंचे वास्तव्य होते. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. त्याच्या ओसरीत दोन्ही अंगांना बुद्धाच्या भल्या उंच मूर्ती आहेत. कल्याण आणि सोपारा ही तेव्हाची मोठी बंदरे. तिथल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहे.

मूर्ती बघून बहुतेक लोक परत फिरतात. आपण शेतकरी माणसांनी मात्र आणखी एक गोष्ट बघावी. बहुतेक लेण्यांच्या दाराशी, एका बाजूला, खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. वरच्या कातळावर पडलेले पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून दगडात बारीक चर खोदले आहेत. ते चर पाणी वळवून टाक्यात आणतात. एक टाके भरले की जादा पाणी पुढच्या वाटेला लागते. घळीमध्ये जुन्या दगडी बांधाचे अवशेषही अभ्यासकांना आढळले आहेत. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस, आणि होळीनंतर कातळ तापून उठतो. तरी शेकडो माणसे बारा महिने या डोंगरावर राहत होती, ती या पोढ्यांच्या जोरावर. आज आपण पाणलोट, शेततळे, पाणी अडवा पाणी जिरवा म्हणतो. त्यातले निम्मे तरी इथल्या कातळावर कोरून ठेवलेले आहे.

आणखी एक बारकावा. भिक्षूंच्या खर्चासाठी केवळ पैसे नव्हे, तर शेतजमिनीही दान दिल्या जात. जमीन कायम ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून वस्त्रे आणि इतर गरजा भागवायच्या, अशा दानाला ‘अक्षयनीवी’ म्हणत. एका लेखात मंगलस्थान गावच्या शेताचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे बोरिवलीजवळचे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक सांगतात. आज मागाठाण्यात एस. टी., बेस्टच्या गाड्या आणि उंच इमारती आहेत. पण तिथे कधी काळी भाताची शेते होती आणि त्या भातावर हा डोंगर जगत होता.

पायऱ्यांच्या खाली काही बायका पाटीत बोरे, काकड्या, पेरू घेऊन बसलेल्या असतात. या डोंगरात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. त्यांच्या घरांचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात आणि कचेऱ्यांत फिरत राहिला आहे. एकीकडून काकडी घेताना मी विचारले, “मावशी, घर कुठं तुमचं?”

“हितंच. खाली पाडा हाय.”

“बिबट्याचं भय नाही वाटत?”

“वाटतं की. पन दिवस बुडाला की पोरं घरात घ्यायची, कोंबड्या झाकायच्या. घराम्होरं घाण टाकायची न्हाय. घाणीला कुत्री येत्यात, आन् कुत्र्यामागं तो येतो.”

बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी जे सांगितले आहे, तेच मावशींनी चार वाक्यांत सांगितले. या जंगलात आणि त्याच्या कडेला पन्नासच्या आसपास बिबटे आहेत असा अलीकडच्या गणनांचा अंदाज आहे. रानातले चितळ-सांबर ते खातातच, पण वस्तीच्या कडेला कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री हेही त्यांचे मोठे भक्ष्य आहे. २००४ च्या सुमारास माणसांवर हल्ले फार झाले. त्यानंतर कचरा उचलणे, दिवे लावणे, लोकांना समजावणे यांवर वन खात्याने आणि स्वयंसेवकांनी जोर दिला. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. पाड्यांवर वाघोबाला देव मानतात, शेंदूर लावतात. तरी कोंबड्या झाकायला विसरत नाहीत.

दाराबाहेरची नदी

येताना उतार आहे. पेडल न मारता सायकल पळते. पण दाराबाहेर आल्यावर लगेच घरी जाऊ नये. दहिसर नदी उद्यानातून बाहेर पडते, तिच्या कडेकडेने वस्तीतून जमेल तेवढे जाऊन बघावे. ज्या पाण्यात तासाभरापूर्वी मासे दिसले, तेच पाणी थोड्याच अंतरावर काळे झालेले असते. दोन्ही बाजूंनी गटारे येऊन मिळतात. पुढे तर तबेल्यांचे शेणही नदीत सोडले जाते. त्याच्या तक्रारी, खटले, आदेश हे सगळे झालेले आहे.

शेण नदीत सोडलेले बघून आपल्या जिवाला लागते. आपल्याकडे पाटीभर शेणासाठी जावा-जावांत बोलाचाली होते. शेणखत विकत घ्यायचे तर ट्रॉलीला किती मोजावे लागतात, ते आपल्याला ठाऊक आहे. तेच शेण शेतापासून तुटले की घाण होते. दोष गुराचा नाही आणि शेणाचाही नाही. गुरे, शेत आणि नदी यांची आपल्याकडे जी सांगड असते, ती तिथे राहिलेली नाही.

दुसरी वाट : गोरेगावहून आरेमार्गे पवई

दुसऱ्या दिवशी सायकल मिळाली तर गोरेगावच्या पूर्वेकडून आरेच्या रस्त्याला लागावे. तिथून पवईच्या बाजूला निघणारा हा रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे. पहाटे इथे सायकलवाल्यांची वर्दळ असते. रस्ता चढउताराचा, दोन्ही बाजूंना जुनी झाडे.

आरे हे नाव आपण दुधाच्या बाटलीवर वाचलेले. पूर्वी मुंबई शहरात गल्लोगल्ली म्हशींचे तबेले होते. ते बाहेर काढावेत, गुरांना मोकळी जागा आणि हिरवा चारा मिळावा आणि शहराला चांगले दूध मिळावे, म्हणून १९४९ साली आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. दारा खुरोडी यांचा त्यात पुढाकार होता. १९५१ च्या मार्चमध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे सोळा हजार जनावरांची सोय, बत्तीसच्या आसपास गोठे आणि वैरणीसाठी पॅरा गवताची कुरणे, असा तो मोठा पसारा होता. १९६३ साली खुरोडी, आणंदचे वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. आज आपल्या गावात डेअरीवर फॅट लागते, बिल होते, त्या व्यवस्थेचे धागे याच लोकांच्या कामापर्यंत जाऊन पोचतात.

आता आरेमधले सगळे गोठे पूर्वीसारखे गजबजलेले नाहीत. जागेवर पुष्कळांचा डोळा आहे. चित्रनगरी तिथेच १९७७ साली झाली. मेट्रो गाडीच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरात एका रात्रीत झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले. तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे आरेच्या जमिनीपैकी काहीशे एकर राखीव वन म्हणून जाहीर झाले, कारशेडही झाली आणि मेट्रोही धावू लागली. गाडी हवी की झाडे, यावर मुंबईत घराघरांत वाद झाले. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने खरे बोलत होते. पण आरेमधल्या पाड्यांतली माणसे त्या वादात फारशी कुणी विचारली नाहीत. तिथे सत्तावीस पाडे आहेत. त्यांतले काही लोक अजून परसात भाजी लावतात, पावसाळ्यात थोडे भात करतात. ओशिवरा नदी याच टेकड्यांतून निघते.

पवईला उतरले की मोठा तलाव दिसतो. १८९१ साली तो पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण पाणी पिण्याजोगे राहिले नाही. त्याच्या वरच्या अंगाला, राखीव जंगलात, विहार तलाव आहे. १८६० साली तो पुरा झाला आणि मुंबईला नळाने पाणी मिळू लागले. त्याआधी सगळे शहर विहिरी आणि टाक्या यांवर होते आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी हाल होत. १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव अजूनही शहराला पाणी देतात. तिथे वाटेल तेव्हा कुणालाही जाता येत नाही, आणि ते बरेच आहे. पिण्याचे पाणी राखायचे तर वर्दळ नको.

मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यांतून सुरू होते. सुमारे अठरा किलोमीटर वाहत साकीनाका, कुर्ला, धारावी करत ती माहीमला समुद्राला मिळते. मध्ये विमानतळाच्या बांधकामासाठी तिला वळवलेले आहे, दोन्ही काठांवर कारखाने आणि वस्त्या चढलेल्या आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या दुष्काळी तालुक्यांत वर्षभरात एवढा पडत नाही. त्या दिवशी मिठी आपल्या जुन्या पात्रात परत आली, पण पात्रात घरे होती. शेकडो माणसे गेली. ओढ्याच्या पोटात घर बांधू नये, हे आपल्याकडचा म्हातारा माणूस सांगतो. मुंबईत ते सांगायला म्हातारे नव्हते असे नाही, जागाच नव्हती.

एक सायकल-वाट, जी मोडावी लागली

पवईच्या काठावर सायकलवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी गोष्ट घडली. तलावाच्या कडेने सायकली चालवण्यासाठी आणि फिरण्यासाठी महानगरपालिकेने मार्ग बांधायला घेतला होता. दगड भरलेल्या जाळ्यांचा आधार देऊन काठावर भराव घालायचा, अशी रचना. ऐकायला चांगलेच वाटते. सायकल म्हणजे धूर नाही, आवाज नाही, मग विरोध का? पण तो मार्ग पाणथळ जागेत येत होता. पवई तलावात मगरी आहेत, त्या काठावर ऊन खायला येतात, अंडी घालतात. पाणपक्षी आहेत. काही नागरिक न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवले आणि काढून टाकून जागा पूर्ववत करायला सांगितले.

हा निकाल आपल्या ग्रामपंचायतीच्या माणसांनीही वाचण्यासारखा आहे. आजकाल गावोगावी तलावाचे सुशोभीकरण निघते. काठावर फरशी, बाके, दिव्यांचे खांब. त्यासाठी तलावाचा उथळ भाग भरून घेतात. पण उथळ भागातच गुरे पाणी पितात, बगळे उतरतात, मासे अंडी घालतात, आणि पावसाचे पाणी आत यायची वाटही तीच. सायकल निरुपद्रवी आहे म्हणून तिची वाट निरुपद्रवी होते असे नाही. वाट पाण्यात भराव घालून केली की सायकल चांगली असून उपयोग नाही.

तिसरी वाट : मुलुंडहून नळाच्या कडेने

तिसरी वाट डोंगराच्या पूर्वेची. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या बाजूने मोठमोठे पाण्याचे नळ जातात. माणूस उभा राहिला तरी खुजा दिसावा, एवढाले. त्यांतले जुने नळ तानसा धरणाचे. ते धरण १८९२ साली शहापूर तालुक्याच्या बाजूला झाले. या नळांच्या दोन्ही अंगांना झोपड्यांची दाटी झाली होती. नळाच्या सुरक्षेसाठी त्या उच्च न्यायालयाच्या आदेशावरून हटवण्यात आल्या. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मुलुंडपासून शीवकडे ३९ किलोमीटरचा सायकल-मार्ग करायचा बेत महापालिकेने आखला आणि त्याचे काम तुकड्यातुकड्यांनी झाले. जिथे तो मार्ग आहे तिथे सायकल चालवायला छान आहे. मोटारी नाहीत, एका बाजूला नळ, मधून मधून डोंगर दिसतो.

पण चालवताना दोन गोष्टी मनात येतात. इथून उठवलेल्या बऱ्याच कुटुंबांना माहुलला घरे मिळाली. तिथे रासायनिक कारखान्यांचा धूर आहे. माणसे आजारी पडतात म्हणून ते लोक न्यायालयात गेले, आणि २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर किंवा भाडे द्यायला सांगितले. आपण ज्या पट्ट्यावरून सायकल चालवतो, तिथे कुणाची तरी चूल होती.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. हे पाणी येते कुठून? मुंबईला पाणी देणारी सात तळी आहेत. तुळशी आणि विहार ही दोन शहरातल्या डोंगरात. बाकीची तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा ही ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. शहराच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसाचे. विहार-तुळशी मिळून शंभरात दोन-चार हिस्से. म्हणजे मुंबईने आपला डोंगर राखला तो स्वतःच्या पाण्यासाठी, पण शहर वाढले आणि तहान डोंगराबाहेर गेली. आणि ज्या शहापूर तालुक्यातून हे नळ भरून येतात, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईच्या गावावरून पाणी शंभर किलोमीटर खाली जाते. सायकल थांबवून त्या नळाला हात लावला, की ते गार पाणी आतून पळताना जाणवते.

आता या डोंगराच्या पोटातूनच बोगदे होत आहेत. गोरेगावहून मुलुंडला आणि बोरिवलीहून ठाण्याला मोटारींनी काही मिनिटांत जाता यावे म्हणून. जंगल वरून शाबूत राहील, असे सांगतात. तसे होवो. पण बोगद्यातून गेलेल्या माणसाला तुळशीही दिसणार नाही आणि दहिसर नदीही. डोंगर आहे हे त्याला कळणारसुद्धा नाही. ज्याला एखादी गोष्ट दिसतच नाही, तो ती राखायला कशाला धावेल? म्हणून नव्या पिढीने निदान एकदा तरी तो डोंगर पायाने किंवा पेडलने चढलेला असावा.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

जायचे तर दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचे दिवस चांगले. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, धबधबे असतात, पण रस्त्यावर शेवाळ धरते आणि ओढे अचानक फुगतात. ओढ्यात उतरू नये. पहाटे लवकर निघावे आणि दिवस मावळायच्या आत बाहेर यावे, उद्यानातून आणि आरेमधूनही. लहान मुलांना पुढे एकटे सोडू नये. पाणी आणि शिदोरी बरोबर घ्यावी, पण माकडांसमोर पिशवी उघडू नये आणि त्यांना खायला घालू नये. कागद, प्लास्टिक जे नेले ते परत आणावे. कान्हेरीच्या टाक्यांत दगड टाकू नयेत, भिंतीवर नावे लिहू नयेत. मुलांना आणि विशेषतः मुलींना बरोबर न्यावे. शाळेला सायकलीने पाच-सहा किलोमीटर जाणाऱ्या आपल्या मुली शहरातल्या भावंडांपेक्षा हा चढ सहज चढतात, आणि ते बघून मुंबईकर पाव्हणे थक्क होतात, असा अनुभव आहे.

आणि घरी परत आल्यावर एक करावे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन आपल्या गावच्या ओढ्याच्या कडेने सायकली काढाव्यात. डोंगरातून तो कुठे निघतो, कुठल्या बंधाऱ्यात अडतो, गावाच्या वर पाणी कसे आहे आणि गावाच्या खाली कसे आहे, ते बघावे. गावाखालचे पाणी काळे झालेले असेल, तर ते कुठल्या ठिकाणापासून काळे होते ते मुलांना शोधायला लावावे. मुंबईच्या नद्यांचे काम आता फार अवघड झाले आहे. कोट्यवधी रुपये ओतले जातात आणि पाणी काळेच राहते. आपल्या ओढ्याचे काम अजून एका ग्रामसभेत आणि चार दिवसांच्या श्रमदानात होण्यासारखे आहे. ते तसे आहे तोवर करून घेतलेले बरे.